चोविसावा रकाना

संध्याकाळी सहाच्या आत कागद हातात हवा होता, आणि तो देणारा माणूस दोनशे मैलांवर कॅन्सस सिटीत बसून फोनवर 'नाही' म्हणत होता. म्हणून मंगळवारी सकाळी पावणेसहालाच लॅडी वोंद्रानं पिकअप बाहेर काढली.

आर्लीन गाऊनवरच अंगणात आली. हातात खसखशीच्या कोलाच्यांचा, म्हणजे गोड पावांचा, डबा होता.

"तोंडावर 'नाही' म्हणाला तर?"

"फोनवर नाही म्हणायला काही लागत नाही. तोंडावर म्हणायला दम लागतो."

"शहात्तर वर्षं वय, गुडघ्यात लोखंड, आणि एका दगडासाठी जाऊन येऊन चारशे मैल! माझ्या दगडासाठी जाशील का रे एवढं?"

"तुझा दगड गावच्या दफनभूमीत उभा आहे, आर्लीन. माझ्या शेजारी नाव कोरून तयार आहे. तारीख तेवढी बाकी."

"ती घालायची घाई करू नकोस," असं म्हणून तिनं डबा खिडकीतून आत ढकलला. "हे डॉकला दे. वाटेत खाऊ नकोस. मोजून ठेवलेत."

ब्रनोक्रीक हे नेब्रास्कातलं सहाशे वस्तीचं गाव. पणजोबा-खापरपणजोबा बोहेमियातून आले, मका लावला आणि एकमेकांचे हिशेब ठेवत राहिले. लॅडीनं अडतीस वर्षं गावच्या धान्यकोठारावर काटा सांभाळला. मक्याचा भरलेला ट्रक तोलायचा, खाली झाल्यावर परत तोलायचा, वजाबाकी करून चिठ्ठीवर सही करायची. त्या सहीवर शेतकरी बँकेत जात आणि बँक चष्मासुद्धा पुसत नसे. अशा माणसाच्या शब्दाला गेल्या महिन्यापासून पुरावा मागितला जात होता.

झालं होतं ते असं. माजी सैनिक मंडळाच्या हॉलसमोर नवा दगड बसायचा होता. एका बाजूला युद्धात गेलेल्यांची नावं, दुसऱ्या बाजूला जखमी होऊन परत आलेल्यांची. जखमी नऊ. मंडळाचा नवा अध्यक्ष ट्रॅव्हिस काल्डा, एक्केचाळीस वर्षांचा, अलीकडच्या युद्धातून आलेला. त्याला कुणाबद्दल आकस नव्हता, आणि हीच अडचण होती. तो सगळ्यांना सारखंच विचारायचा. त्यानं नऊही जणांकडे सेवामुक्तीचे दाखले मागितले. आठ दाखले आले, आठांच्या चोविसाव्या रकान्यात जखमी सैनिकाचं पदक होतं. नववा दाखला लॅडीचा. तो पंचावन्न वर्षं शेताच्या खरेदीखताबरोबर खणात पडून होता. चोविसाव्या रकान्यात सहा पदकं हवी होती, होती दोन.

"सही तर तुमचीच आहे," काल्डा म्हणाला होता. "वाचून केली असेल ना?"

आता याला काय सांगायचं! व्हिएतनामहून परतल्यावर कॅलिफोर्नियात सुटका होत असे. कारकून सगळ्यांना ओरडून सांगायचा, "दाखला नीट वाचा. काही राहिलं असेल तर बाजूच्या खोलीत जा. दुरुस्तीला तीन दिवस." समोरच्या खोलीतून भाजल्या मांसाचा वास यायचा, कारण सुटलेल्या प्रत्येकाला सरकारकडून एक मोठा स्टेक. बाजूच्या खोलीत गेलेला एकही माणूस लॅडीनं पाहिला नाही. त्यानंही सही केली, स्टेक खाल्ला आणि रात्रीच्या बसनं घरी निघाला. पुढं काट्यावर बसल्यावर न वाचता सही करणाऱ्या शेतकऱ्यांना तो चारचौघांत झापायचा, ते वेगळं.

काउंटीच्या कचेरीत माजी सैनिकांचे कागद बघायला मार्गो स्टेहलिक बसायची. पन्नाशीची, शेतकऱ्याची मुलगी. फायलीतला खोटेपणा तिला मक्यातल्या ओलीसारखा हाताला कळायचा. तिनं दाखला बघितला आणि बोटांवर मोजलं.

"यातली तीन मी आणते. ती अख्ख्या पलटणीला मिळालीत, एक अर्ज टाकला की येतील. चौथं अवघड. जखम झाल्याचा कागद?"

"कागद नाही. जखम आहे." लॅडीनं खुर्चीवर पाय ठेवून विजार वर केली.

"पाय खाली घ्या, लॅडी, बाहेर माणसं बसलीत. नांगराच्या फाळानंसुद्धा असाच व्रण पडतो. माझ्या बाबांना आहे. कागदाच्या लेखी तुम्हाला जखम झालेली नाही."

"झाली. मीच नोंदवू नको म्हणालो."

"का?"

"आई स्टेशनमास्तरला गोळी घालेल म्हणून."

मार्गोनं पेन खाली ठेवलं, म्हणून त्यानं सांगितलं. एकोणीसशे चव्वेचाळीसमध्ये आईचा भाऊ फ्रान्सात लढाईत मारला गेला, ती तार स्टेशनमास्तरनं आणून दिली. तेव्हापासून आईची जाहीर प्रतिज्ञा होती, की तो माणूस पुन्हा आपल्या फाटकात दिसला तर बंदूक काढीन. तार आधी वाचणार नाही. लॅडीला पोटरीत तोफगोळ्याचा तुकडा बसला तेव्हा त्यानं पलटणीच्या डॉकला, म्हणजे मलमपट्टी करणाऱ्या शिपायाला, हात जोडून सांगितलं: लिहू नकोस, तार जाईल. डॉकनं तुकडा काढला, टाके घातले, लिहिलं नाही. लॅडी घरी आला आणि आईला व्रण दाखवला. आईनं आधी त्याच्या मुस्कटात मारली आणि मग अख्ख्या गावाला सांगितलं. पुढच्याच स्मृतिदिनाला मंडळानं त्याला जखमी सैनिकांच्या पहिल्या रांगेत चालवलं. कुणी कागद मागितला नाही, त्यानं दाखवला नाही. तेव्हापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं.

"मग तो डॉक जिवंत असेल तर त्याची शपथेवरची साक्ष आणा," मार्गो म्हणाली. "नाहीतर सोडून द्या."

सोडून दिलं असतंही कदाचित. पण गुरुवारी पत्त्यांच्या टेबलावर एमिल सोबोत्का बोलला. एमिल युद्धाच्या काळात जर्मनीत सैन्याच्या मुदपाकखान्यात होता.

"मी दोन वर्षं बटाटे सोलले," तो पानं लावता लावता म्हणाला. "माझ्या दाखल्यावर तसं लिहिलंय. मी मागच्या रांगेत चालतो, कारण एकाही बटाट्यानं मला जखम केली नाही. बरं, मी सोललेल्याचं माप तरी खरं होतं."

सगळे हसले. हसणं थांबलं, आणि कुणी लॅडीकडे बघेना. ते न बघणं त्याला जास्त लागलं.

तर आज, मंगळवारी सहाला, मंडळाची बैठक. उद्या सकाळी आठला यादी दगड कोरणाऱ्याकडे जाणार. कागद आला तर नऊ नावं, नाही आला तर आठ. आणि पंधरा दिवसांवर आलेल्या स्मृतिदिनाला लॅडी पहिल्या रांगेत नाही. मग आर्लीननं वाण्याकडे पाव आणायला जायचं ते कुठल्या तोंडानं, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण ते सगळ्यांना ठाऊक होतं.

---

डॉक टॅलफर्ड ओसरीवर बादल्यांत टोमॅटोची रोपं लावत बसला होता. पंचाहत्तर वर्षांचा, खांद्यानं अजून रुंद. निम्मं आयुष्य त्यानं इस्पितळात लोकांच्या हाडांचे फोटो काढण्यात घालवलं होतं, आणि समोर आलेल्या माणसाकडेही तो तसाच, आत काय मोडलंय ते बघावं तसा बघायचा.

"फोनवर 'नाही' म्हटलं ते ऐकू आलं नव्हतं का?"

"आलं. म्हणून तर आलो."

"डब्यात काय?"

"कोलाचे. बारा. आर्लीननं मोजलेत."

"मग बस."

दोघांनी एकेक खाल्ला. डॉकनं लॅडीच्या गुडघ्याची चौकशी केली, लॅडीनं डॉकच्या गेलेल्या बायकोची आठवण काढली. घड्याळात साडेनऊ झाले तसा लॅडी मुद्द्यावर आला.

"एक पान लिहायचंय. नऊ मार्च, डावी पोटरी, चार टाके."

"पाच. एक सुटला."

"बघ, पाच! तुला माझ्यापेक्षा नीट आठवतंय. मग लिहायला काय होतंय?"

"मागू नकोस, लॅडी."

"का पण? नोंद केली नाही म्हणून तुझ्यावर काही येईल अशी भीती वाटते? पंचावन्न वर्षं झाली! कोण विचारतोय तुला!"

"मला काही होत नाही."

"मग गावात मी खोटारडा ठरू? काट्यावर एका पौंडाची चूक केली नाही मी, आणि तो बटाटेसोल्या मला माप शिकवतो. तुझ्या एका सहीसाठी! मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय?"

"एकदा," डॉक म्हणाला. "लिहू नको म्हणून मागितलं होतंस. ते दिलं."

तो उठला, आत गेला. बराच वेळ गेला. लॅडीनं दुसरा कोलाचा उचलला, केवळ हाताला काम म्हणून. डॉक आला तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, तळहाताएवढी वही घेऊन.

"मी अर्धा कागद लिहीत नाही. लिहिलं तर वहीत आहे तेवढं सगळं लिहीन. आधी वाच."

पानं मळकी होती पण शिसपेन्सिलीची अक्षरं स्वच्छ होती. *९ मार्च. वोंद्रा. डावी पोटरी. तुकडा काढला. टाके ५. वर कळवलं नाही, त्याच्या सांगण्यावरून.*

लॅडीनं मांडीवर थाप मारली. "डॉक! अरे, हे इतकी वर्षं तुझ्याकडे होतं? हे म्हणजे चिठ्ठीच की! सहीसकट!"

"पान उलट."

*११ मार्च. वोंद्रा लंगडतो. आज तुकडीच्या पुढं चालायची पाळी त्याची. सार्जंटला सांगितलं, त्याला पुढं घालू नका. ब्रँट पुढं. ९.४० सुरुंग. ब्रँट.*

त्या शेवटच्या नावापुढं काही लिहिलेलं नव्हतं.

हॉलिस ब्रँट. मिसुरीचा, एकोणीस वर्षांचा. झोपेत बडबडायचा आणि सगळ्यांच्या वाटणीची कॉफी प्यायचा. लॅडीला तो दिवस आठवत होता. इतक्या वेळा आठवला होता की कडा गुळगुळीत झाल्या होत्या. पण त्या आठवणीत पाळी कुणाची होती हे कधीच नव्हतं.

"सार्जंट म्हणाला होता, यादी बदलली."

"मी बदलायला लावली."

"मला का नाही सांगितलंस?"

"कधी सांगायचं होतं? त्या दिवशी? तू लग्न केलंस तेव्हा? की तुझा नातू झाला त्या दिवशी?" डॉक रोपांकडे बघत बोलत होता. "आपलं ठरलं होतं, लिहायचं नाही. तुझ्या वाटणीचं मी लिहिलं नाही, माझ्या वाटणीचं बोललो नाही. बरं चाललं होतं. तू त्या दगडाचा विषय काढलास."

लॅडीच्या हातात अर्धा कोलाचा होता. तो कुठं ठेवायचा हे त्याला कळेना. समोरच्या अंगणात कुणीतरी गवत कापायचं यंत्र सुरू केलं, बंद केलं, पुन्हा सुरू केलं.

"आता सांग," डॉक म्हणाला. "लिहू?"

लॅडीनं घड्याळ बघितलं. पावणेअकरा. लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण त्या घटकेलाही त्याच्या डोक्यात हिशेब चालू होता, की बाराला निघालो तर चारपर्यंत पोचतो.

"लिही," तो म्हणाला.

डॉकनं तासभर लावला. दोन पानं, मोठी अक्षरं, खाली शपथ आणि सही. वहीच्या दोन्ही पानांच्या छायाप्रती जोडल्या. मग पाकिटातून घडीवर विरलेली एक चिठ्ठी काढली. त्यावर फोन नंबर होता.

"हॉलिसची बहीण. नोरीन. सिडेलियात असते. सात वर्षं हा नंबर माझ्याकडे आहे, एकदाही लावला नाही. भावाच्या पलटणीचे कागद ती सरकारातून मागवत असते असं ऐकलंय. हा कागद तिकडं गेला की आज ना उद्या तिच्या हातात पडेल. तिनं हे टपालात वाचायला नको."

"मग तू सांग ना तिला."

"सात वर्षं मी स्वतःला तेच म्हणतोय," डॉक म्हणाला. डब्यातले उरलेले नऊ कोलाचे त्यानं ठेवून घेतले. डबा परत दिला.

---

वाटेत लॅडीनं दोनदा पेट्रोल पंपावर थांबून नंबर लावला. दोन्ही वेळा यंत्रातून बाईचा खरखरीत आवाज आला: "नोरीन बोलतेय. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात आहे, सातनंतर करा. विकायचं काही असेल तर करूच नका." दोन्ही वेळा त्यानं काही न बोलता फोन ठेवला. असलं यंत्राला सांगतात का?

सातनंतर. बैठक सहाला.

मार्गो कचेरी बंद करायच्या बेतात होती. तिनं उभ्यानंच पहिलं पान वाचलं, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाली, "सोनं आणलंत तुम्ही! वहीची प्रतसुद्धा? लॅडी, असला पुरावा मला वर्षातून एकदा बघायला मिळतो." मग ती दुसरं पान वाचायला खाली बसली. वाचून झाल्यावर तिनं वर बघितलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"आज अकराला कळलं."

तिनं उठून दार लावून घेतलं.

"हे बघा. दुसऱ्या पानाची गरज नाही. तारीख, जखम, टाके, कुणी घातले. सरकारला एवढंच लागतं. डॉकला फोन करा, पहिलं पान तेवढं पुन्हा लिहून, सही करून फोटो पाठवू दे. मी इथं छापते. सहाला तुम्ही हॉलमध्ये, उद्या नाव दगडावर. यात खोटं काही नाही, नुसतं कमी आहे."

तिचं म्हणणं सरळ होतं, आणि ती भल्यासाठीच सांगत होती. लॅडीनं फोन काढला, डॉकचं नाव पडद्यावर आणलं. अंगठा त्यावर ठेवला. डॉकनं नाही म्हटलं नसतं. आज तो कशालाच नाही म्हणाला नसता. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पाच मिनिटं पुढं गेला.

"मार्गो, एमिल सोबोत्का ट्रक तोलायला कसा यायचा, आठवतंय?"

"एमिलचं मध्येच काय?"

"भरलेला ट्रक काट्यावर आला की हा आत बसून. खाली करून आला की काट्याच्या बाहेर उभा, सिगरेट ओढत. दोनशे चाळीस पौंड एमिल दर खेपेला मक्याच्या भावानं विकला जायचा. मी म्हटलं, बाबा रे, बसायचं तर दोन्ही वेळा आत बस, नाहीतर दोन्ही वेळा बाहेर. तेव्हापासून त्याचं माझं हे असं आहे."

मार्गो शेतकऱ्याची मुलगी होती. तिनं दोन्ही पानं एकत्र करून टाचणी मारली.

"उद्या सकाळी पाठवते. दोन्ही. निकालाला वर्ष लागेल. आज हॉलमध्ये काय करणार?"

"बघू," लॅडी म्हणाला. एक प्रत घडी करून त्यानं कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. खिशाचं बटण लावलं. ते लागलं की नाही, हे हॉलपर्यंत तीन वेळा चाचपलं.

---

बैठकीला बावीस माणसं. एरवी आठ येतात. दगडाचा विषय पाचवा होता. पहिले चार विषय, त्यातला एक तर संडासाच्या छपराचा, पंधरा मिनिटांत संपले. आजवर त्या छपरानं तीन बैठका खाल्ल्या होत्या.

"मिस्टर वोंद्रा," काल्डा म्हणाला, "कागद मिळाला?"

"मिळाला."

हॉलमधला श्वास सुटलेला ऐकू आला. दोघंतिघं हसले. काल्डाच्या चेहऱ्यावरही सुटका दिसली. शेवटी त्याच्या आजोबांचा मका लॅडीनंच तोलला होता. त्यानं हात पुढं केला.

लॅडीनं खिशावर हात ठेवला आणि तिथंच ठेवला.

"आज देत नाही."

"म्हणजे?"

"यात दुसऱ्या एका माणसाचं नाव आहे. तो परत आला नाही. त्याच्या घरच्यांना हे ठाऊक नाही. त्यांनी ऐकायच्या आधी इथं वाचलं जाणार नाही."

"आला!" एमिल मागून म्हणाला. "कागद आहे, पण दिसत नाही. माझ्याकडंही सोन्याचं पदक आहे बरं का! पण ते बघितलं की माणूस आंधळा होतो, म्हणून काढत नाही."

यावेळी फार कुणी हसलं नाही, पण एमिलला गप्प बस असंही कुणी म्हटलं नाही.

"घरच्यांना कधी सांगणार?" काल्डानं विचारलं.

"त्या सातनंतर घरी येतात."

काल्डानं घड्याळ बघितलं. सहा बावीस. "मग आम्ही थांबतो. तुम्ही इथूनच फोन करा. साडेसात वाजू देत, आठ वाजू देत."

चांगला मुलगा होता. आणि लॅडीला ते हवं होतं, फार हवं होतं. फक्त पाऊण तास. बाजूच्या खोलीत फोन होता. ती बाई कामावरून दमून येईल, पिशवी खाली ठेवेल, आणि तो तिला सांगेल, तुमचा भाऊ माझ्या जागी चालत होता. आणि सांगता सांगता दाराच्या फटीतून बावीस माणसं आणि एक घड्याळ बघत राहील.

"नाही," तो म्हणाला. "घड्याळ समोर ठेवून तो फोन मी करणार नाही. दगडासाठी केल्यासारखा होईल."

"मिस्टर वोंद्रा, यादी सकाळी आठला जाते."

"माहीत आहे. आठ नावं कोरा."

"मला मतदान घ्यावं लागेल."

"घे ना. मी पण हात वर करतो."

त्यानं केलाही. एमिलचा हात मात्र सगळ्यात आधी वर गेला होता. अर्ध्यावर तो थोडा रेंगाळला, जसा माणूस पान टाकल्यावर हुकूम कुठला होता ते आठवत बसतो. सोळा हात मोजले गेले. काल्डानं वहीत लिहिलं, आणि मान वर न करता म्हणाला, "आठव्या नावाखाली एक ओळ मोकळी ठेवायला सांगतो. दगडाचे पैसे तेवढेच."

लॅडी टोपी घेऊन निघाला. दारापाशी एमिलची खुर्ची होती.

"एमिल, स्मृतिदिनाला मागच्या रांगेत जागा आहे का?"

एमिलनं त्याच्याकडे नीट बघितलं. मग त्या खिशाकडे बघितलं.

"माझ्या शेजारी आहे," तो शेवटी म्हणाला. "पण लेका, तिथं बटाट्यांबद्दल बोलावं लागतं."

---

घरी आर्लीनला फोन आधीच आला होता. ब्रनोक्रीकमध्ये बातमी पिकअपच्या पुढं धावते. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. रिकामा डबा तिनं हातातून घेतला, उघडून बघितला, बंद केला. काही विचारलं नाही. लग्नाच्या इतक्या वर्षांत हे फार वेळा झालं नव्हतं.

साडेसात झाले होते. खिडकीबाहेर अजून लख्ख उजेड होता. लॅडी बसला नाही. उभ्यानंच चिठ्ठीवरचा नंबर एकेक आकडा वाचत लावला.

"कोण?" खरखरीत आवाज.

"माझं नाव लॅडी वोंद्रा. मी नेब्रास्काहून बोलतोय. मला काही विकायचं नाही. मी तुमच्या भावाबरोबर होतो. हॉलिसबरोबर."

पलीकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "बोला."

त्यानं वाटेत तयार केलेली वाक्यं कुठंतरी मिसुरीच्या हद्दीतच राहिली होती. त्यानं वहीत होतं तेच सांगितलं, त्याच क्रमानं. नऊ मार्च. पोटरी. लिहू नको म्हणालो ते. मग अकरा मार्च. "पाळी माझी होती, ताई. मी लंगडत होतो म्हणून त्याला पुढं घातलं. मला हे आज सकाळी कळलं. एका सरकारी कागदावर ते आता लिहिलं जाणार आहे, आणि तुम्ही ते त्या कागदात वाचावं असं..." त्यानं चिठ्ठी ओट्यावर सपाट केली. "म्हणून फोन केला."

त्यानं फोन कानापासून काढून बघितला, तुटला तर नाही ना म्हणून. आर्लीन ओट्यापासून एक पाऊल पुढं आली.

"म्हणजे तो पाय तुमचा," नोरीन म्हणाली.

"काय?"

"सार्जंटनं आईला पत्र लिहिलं होतं. सत्तर सालीच. पुढं जायची पाळी ज्याची होती त्याचा पाय जखमी होता, म्हणून हॉलिस गेला, असं. नाव लिहिलं नव्हतं. आमच्या घरी तुम्हाला नाव नव्हतं. नुसता पाय होतात तुम्ही."

लॅडीनं ओट्याची कड धरली.

"पहिली पाच-सहा वर्षं आई त्या पायाला शिव्या घालायची. रोज, भांडी घासताना. ऐकवणार नाहीत अशा. सडू दे म्हणायची." नोरीननं नाक ओढलं. "मग वय झालं तिचं. शेवटी शेवटी तर जेवताना मध्येच विचारायची, तो पाय बरा झाला असेल का गं? मी म्हणायची, मला काय ठाऊक, आई. चौदा वर्षं झाली ती जाऊन. त्या कागदाची एक प्रत मला पाठवा. तुमच्या नावासकट. पत्ता लिहून घ्या."

आर्लीननं पेन पुढं केलं. लॅडीनं पत्ता लिहून घेतला, परत वाचून दाखवला, पिनकोड दोनदा.

"बरोबर," ती म्हणाली. पण फोन ठेवला नाही. "झाला का मग बरा?"

लॅडीनं खाली स्वतःच्या विजारीकडे बघितलं, जणू आत काय आहे ते त्याला नक्की सांगता येणार नव्हतं.

"थंडीत दुखतो," तो म्हणाला.